हौशी संगीत नाटकाचे नेपथ्य: रंगकाम आणि जुनेपणा देण्याचा योग्य क्रम

हौशी मंडळांची नेपथ्ये पाहताना एक दोष वारंवार आढळतो. कथानकातील वाडा शंभर वर्षांचा असतो किंवा चाळ पडायला आलेली असते, आणि रंगमंचावरील भिंतींवर मात्र वरपासून खालपर्यंत सारखेच तपकिरी फराटे मारलेले असतात. पडदा उघडल्यावर ती भिंत जुनी वाटत नाही, नुसती मळलेली वाटते. येथे मेहनत कमी पडलेली नसते; क्रम चुकलेला असतो. मूळ रंग पुरता वाळण्याआधीच डाग पाडायला सुरुवात होते, तो डाग कशाने पडला असेल याचा विचार होत नाही, आणि सगळे काम ट्यूबलाइटखाली, भिंतीपासून दोन फुटांवर बसून पाहिले जाते. प्रेक्षक तेच काम पन्नास फुटांवरून, रंगीत प्रकाशात पाहणार असतो.

उदाहरणादाखल गिरगावातील चाळीची एक खोली आणि तिच्याबाहेरची गॅलरी असा दहा फ्लॅटांचा सेट येथे धरला आहे. फ्लॅट म्हणजे चौकटीवर कापड किंवा प्लाय बसवून केलेला भिंतीचा सुटा तुकडा. प्रत्येक फ्लॅट चार फूट रुंद आणि दहा फूट उंच आहे. वाडा, देऊळ किंवा धर्मशाळा असली तरी क्रम हाच राहतो.

## पूर्वतयारी: रंगाचा डबा उघडण्यापूर्वी

प्रथम संहितेतून तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात: प्रसंग कोणत्या वर्षी घडतो, कोणत्या महिन्यात घडतो, आणि त्या खोलीत कोण राहते. महिना विशेष महत्त्वाचा आहे. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि भिंतींवर शेवाळ धरते. श्रावणात ते हिरवे असते. उन्हे तापली की तेच वाळून काळे पडते. नाटक वैशाखात घडत असेल आणि भिंतीवर हिरवे डाग असतील, तर मुंबईच्या प्रेक्षकाला कारण सांगता आले नाही तरी काहीतरी खटकते. महिना ठरेपर्यंत हिरवा रंग विकत घेऊ नये.

त्यानंतर प्रत्यक्ष भिंती पाहून याव्यात. गिरगाव, लालबाग, परळ या भागांत अजून जुन्या चाळी उभ्या आहेत. तेथील रहिवाशांची परवानगी घेऊन फोटो काढावेत, आणि डागाबरोबर त्याचे कारणही फोटोत येईल असे पाहावे: पाइपाचा गळका सांधा, खिडकीच्या खालची कड, गंजलेला खिळा. डाग कोठे सुरू होतो आणि कोठे विरतो, हे पुढे रंगवताना सर्वांत जास्त उपयोगी पडते.

दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार आणि वेशभूषा पाहणारी व्यक्ती या तिघांशी एकदा एकत्र बसावे. संगीत नाटकात ही बैठक टाळून चालतच नाही, कारण पद सुरू झाले की गाणारा नट एका जागी बराच वेळ उभा राहतो किंवा बसतो आणि तेवढा वेळ प्रेक्षकाची नजर त्याच्या मागच्या भिंतीवर फिरत राहते. पदांच्या जागा नकाशावर खुणा करून घ्याव्यात आणि त्यांच्या मागचा सुमारे सहा फुटांचा भाग शांत, मध्यम छटेचा ठेवावा. तेथे ठसठशीत डाग असेल, तर तो गायकाच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो. नायिकेचा शालू हिरवा असेल तर तिच्यामागची भिंत हिरवी नको, हेही याच बैठकीत ठरते.

शेवटी दोन फूट बाय दोन फुटांचे तीन-चार नमुने रंगवावेत आणि ते प्रत्यक्ष जिलेटिनच्या (दिव्यांसमोर लावायच्या रंगीत पारदर्शक कागदांच्या) प्रकाशात पाहावेत. निळ्या प्रकाशात गंजाचा तांबडा-तपकिरी रंग जवळजवळ काळा दिसतो. अंबर प्रकाशात हिरवा मळकट तपकिरीकडे झुकतो. रात्रीचा प्रवेश निळ्या प्रकाशात असेल, तर गंजाचे ओघळ दिवसाच्या प्रवेशात जेवढे दाखवावेसे वाटतात त्याच्या निम्मेच ठेवावेत.

सामानाचा अंदाज असा धरावा. दहा फ्लॅटांचे क्षेत्रफळ ४०० चौरस फूट होते. कापड आणि कच्चे प्लाय रंग पितात, त्यामुळे अस्तर (रंगाआधी द्यायचा पहिला हात) वेगळे धरून मूळ रंगाच्या दोन हातांना आठ ते दहा लिटर मॅट इमल्शन लागते. रंगछटांसाठी यलो ऑक्साइड, बर्न्ट सिएना, काळा आणि थोडा हिरवा एवढे स्टेनर (छटा आणण्यासाठी मिसळायचे दाट रंग) पुरतात. याशिवाय रोलर, चार इंची आणि एक इंची ब्रश, झिजलेला एक जुना ब्रश, स्पंज, झाडांवर पाणी मारायचा फवारा, जुनी सुती धोतरे किंवा चादरी, सूत, ओळंबा, मास्किंग टेप आणि झाकणाच्या बादल्या जमवाव्यात. जुना ब्रश टाकून देऊ नये. पाचव्या टप्प्यात नव्या ब्रशापेक्षा तोच चांगले काम देतो.

इशारा: चकाकणारा ऑइलपेंट रंगमंचावर वापरू नये. चाळीतल्या खोल्यांत भिंतीचा खालचा चार फुटांचा पट्टा बहुधा गडद ऑइलपेंटचा असे, म्हणून आमच्या एका सेटवर आम्ही तो खराच ऑइलपेंटने रंगवला. प्रयोगात त्या पट्ट्यावर स्पॉटचा झगझगीत ठिपका उमटला आणि शेजारी बसून गाणाऱ्या नटाचा चेहरा काळवंडलेला दिसू लागला. दुसऱ्या प्रयोगापूर्वी त्यावर मॅट रंग द्यायला घेतला, तर ऑइलपेंटवर पाण्याचा रंग धरेना. अखेर सगळा पट्टा पॉलिश पेपरने घासावा लागला आणि त्यात एक अख्खा रविवार गेला. खालचा पट्टा मॅट रंगातच गडद करावा.

## टप्पा १: पृष्ठभाग तयार करणे

१. जुने फ्लॅट असतील तर सुटलेला रंग खरवडून काढावा, खिळ्यांची डोकी आत ठोकावीत, भोके आणि भेगा लांबी (पुटी) भरून वाळू द्याव्यात व पॉलिश पेपरने सारख्या कराव्यात. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेले फ्लॅट घासताना पाणी लावून घासावे आणि तोंडावर मास्क बांधावा.

२. कापडी फ्लॅट असेल तर जाड मांजरपाट चौकटीवर ताणून बसवावा, पण ढोलकीसारखा घट्ट ताणू नये. अस्तर लागल्यावर कापड आकसते; आधीच घट्ट बसवलेले कापड चौकट पिळून टाकते.

३. कापड सहज पेट घेऊ नये यासाठी रंगापूर्वी त्यावर संस्कार करावा. १० लिटर कोमट पाण्यात ७०० ग्रॅम बोरॅक्स आणि ३०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून ते कापडात मुरेपर्यंत लावावे आणि पूर्ण वाळू द्यावे. हा संस्कार पाण्याने धुऊन जातो, म्हणून टेम्पोत भिजलेल्या फ्लॅटाला तो मागच्या बाजूने पुन्हा द्यावा.

४. अस्तरासाठी एक भाग फेविकॉल, सहा ते आठ भाग पाणी आणि थोडी खडूची पावडर घ्यावी. त्यात मूळ रंगाचा एक वाडगा मिसळला तर कोणता भाग राहून गेला ते लगेच दिसते. प्लायच्या फ्लॅटाला बाजारातले पाण्याचे प्रायमर चालते.

५. शेजारी-शेजारी कायम राहणाऱ्या दोन फ्लॅटांच्या सांध्यावर चार बोटे रुंद कापडी पट्टी फेविकॉलने चिकटवावी. जे फ्लॅट प्रवेशबदलात सुटे होणार आहेत त्यांचे सांधे तसेच ठेवावेत. ते पाइप, चौकट किंवा खांबाच्या रेषेमागे लपवता येतात.

तपासणी: अस्तराच्या एका हातानंतर फ्लॅट दिव्यासमोर धरावा. जेथून प्रकाश आरपार येतो तेथे आणखी एक हात द्यावा. मागे दिवा असलेल्या विंगेतील फ्लॅटांच्या बाबतीत ही तपासणी चुकवू नये, नाहीतर उभ्या भिंतीतून मागच्या माणसाची सावली चालत जाते.

## टप्पा २: खुणा आणि क्रमांक

सर्व फ्लॅट रंगमंचावर ज्या क्रमाने उभे राहणार त्याच क्रमाने भिंतीला टेकवून उभे करावेत आणि प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक व बाणाने वरची बाजू लिहावी. मग खालच्या पट्ट्याची रेषा, खिडक्यांच्या कडा आणि तुळयांच्या रेषा सलग सूत मारून काढाव्यात. एकेक फ्लॅट वेगळा आखला, तर नाट्यगृहात उभे केल्यावर खालचा पट्टा पायऱ्यांसारखा वर-खाली होतो. उभ्या रेषांसाठी ओळंबा वापरावा. फ्लॅटाची कड सरळ आहे असे गृहीत धरू नये.

भिंतीवर पूर्वी कॅलेंडर किंवा तसबीर होती असे फिकट चौकोन दाखवायचे असतील, तर त्यांच्या जागाही आताच ठरवाव्यात. त्यांचे काम चौथ्या टप्प्याच्या शेवटी येते. विसरले तर नंतर फिकट रंग वरून लावून ते साधत नाहीत.

## टप्पा ३: मूळ रंग, म्हणजे नवी भिंत

या टप्प्यात भिंत नवी कोरी दिसली पाहिजे. सुरुवातीपासूनच मळकट रंग निवडणे ही सर्वाधिक होणारी चूक आहे. जुनी भिंत म्हणजे एकेकाळी चांगल्या रंगाने रंगवलेली आणि पुढे वापरून झिजलेली भिंत. तो चांगला रंग खाली नसेल तर वरच्या डागांना अर्थ राहत नाही.

१. संपूर्ण सेटचा रंग एकाच पिंपात कालवावा. दोन डबे वेगळे कालवले तर छटा जुळत नाही आणि सांधा लांबूनही ओळखू येतो.

२. स्टेनर थेंबाथेंबाने घालावा. तो प्रमाणाबाहेर गेला तर रंग नीट वाळत नाही आणि बोटाला चिकटत राहतो. गडद छटा हवी असल्यास ती तयार रंगातच विकत घ्यावी.

३. ओल्या रंगावरून निर्णय घेऊ नये. इमल्शन वाळल्यावर किंचित गडद होते, आणि खडूची पावडर जास्त असलेला रंग बराच फिकट होतो. नमुन्याचा फटका मारून तो हेअर ड्रायरने वाळवावा आणि मग ठरवावे.

४. पहिला हात रोलरने सपाट द्यावा. दुसऱ्या हातासाठी त्याच रंगाच्या तीन जवळच्या छटा कराव्यात, एक मूळ, एक थोडी फिकट, एक थोडी गडद, आणि त्या ओल्या असतानाच तिरप्या फटक्यांनी एकमेकींत मिसळाव्यात. एकसंध सपाट रंग दिव्याखाली पुठ्ठ्यासारखा दिसतो. तीन छटांची भिंत हाताने गिलावा केलेली वाटते. फिकट छटा मध्यभागी आणि गडद छटा कोपऱ्यांत व छताजवळ जास्त ठेवल्यास खोलीला खोलपणा येतो.

तपासणी: कोरड्या दिवसांत दोन हातांमध्ये चार तास पुरतात. पावसाळ्यात रात्रभर थांबावे. हाताचा उलटा भाग रंगाला लावून पाहावा. गार लागला तर रंग अजून ओला आहे. ओल्या मूळ रंगावर वॉश (पाण्यात खूप पातळ केलेला रंग) दिला तर खालचा रंग उठतो आणि त्याचे गोळे होतात. ती दुरुस्ती म्हणजे तो फ्लॅट पुन्हा पहिल्यापासून रंगवणे.

## टप्पा ४: गिलावा, वीट आणि लाकूड

पोपडे उडालेले भाग जुनेपणाच्या आधी रंगवायचे असतात, कारण पाऊस आणि धूळ त्या विटांवरूनही गेलेली असते. नंतर काढलेली वीट नवी, स्वच्छ आणि चिकटवल्यासारखी दिसते.

पोपड्याचा आकार खडूने काढावा. त्याची कड ओबडधोबड असावी आणि त्याची जागा कारणाला धरून असावी: खिडकीच्या खाली, पाइपाच्या मागे, जमिनीलगत. भिंतीच्या मधोमध आणि डोळ्याच्या उंचीवर तो शक्यतो नको. आतल्या विटा तीन-चार छटांत रंगवाव्यात, दरजा (विटांमधले सांधे) फिकट करड्या ठेवाव्यात आणि वरच्या ओळीतील उभ्या दरजा खालच्या ओळीतील उभ्या दरजांवर येणार नाहीत हे पाहावे. नंतर प्रकाशाची मुख्य दिशा विचारात घेऊन पोपड्याच्या वरच्या कडेखाली दोन बोटे रुंद गडद सावली आणि खालच्या कडेवर फिकट रेषा द्यावी. सर्व पोपड्यांची सावली एकाच बाजूला पडली पाहिजे. दोन रंगकर्मी दोन टोकांना काम करत असतील तर नेमकी हीच गोष्ट चुकते.

गिलाव्याचा खडबडीतपणा हवा असल्यास रंगात फेविकॉल आणि चाळलेला लाकडी भुसा मिसळावा. मात्र कलावंत जेथे टेकणार किंवा पदर घासणार, तेथे भुसा वापरू नये.

गॅलरीच्या कठड्याचे लाकूड दोन रंगांत होते: आधी फिकट तपकिरी हात, तो वाळल्यावर गडद पातळ रंग, आणि तो ओला असतानाच कोरड्या ब्रशाने लाकडाच्या लांबीच्या दिशेने ओढणे. उभ्या गजांवर आडवे फटके आले की लाकूड खोटे पडते.

हे सर्व वाळल्यावर तसबिरींच्या आणि कॅलेंडरांच्या जागी वर्तमानपत्राचे चौकोन मास्किंग टेपने चिकटवावेत. पाचवा टप्पा संपल्यावर ते काढले की खालचा ताजा रंग फिकट चौकोनासारखा उघडा पडतो.

## टप्पा ५: जुनेपणा

हा टप्पा सर्वांत नाजूक आहे आणि येथेच घाई होते. काळाने ज्या क्रमाने भिंत जुनी केली त्याच क्रमाने काम करावे: आधी सर्वत्र बसलेली धूळ आणि धूर, मग पाणी, मग गंज व काजळी, मग माणसांचे हात, आणि शेवटी झीज. प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा घेऊ नये. सर्व फ्लॅट या टप्प्यात उभेच असावेत. आडव्या फ्लॅटावर पाण्याचा ओघळ काढता येत नाही.

धूळ आणि धूर. एक भाग करडा-तपकिरी रंग, आठ ते दहा भाग पाणी आणि चमचाभर फेविकॉल असा वॉश करावा. तो चार इंची ब्रशाने लावून लगेच ओल्या कापडाने टिपावा. कोपऱ्यांत, छताजवळ आणि जमिनीपासून दीड फुटापर्यंत तो कमी टिपावा, मध्यभागी जास्त.

पाणी. खिडकीखालचा डाग जवळून पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. पाणी खालच्या कडेवरून सगळीकडून सारखे गळत नाही. ते कडेच्या दोन टोकांना जमते आणि तेथून उतरते. म्हणून सर्वांत गडद आणि लांब ओघळ दोन टोकांखाली असतात आणि मधले आखूड व फिकट. रंगवताना आधी तो भाग फवाऱ्याने ओला करावा, कडेखाली गडद वॉशची रेघ ओढावी, दोन टोकांना ब्रश दाबून जास्त रंग सोडावा आणि तो आपल्या वजनाने खाली येऊ द्यावा. हाताने ओढलेला ओघळ कधीच तसा दिसत नाही. ओघळ हवा तेवढा उतरला की टोकाला कापड टेकवून थांबवावा. छताच्या गळतीचा डाग याहून वेगळा असतो: मध्ये फिकट, कडेला गडद वळ. एका जागी पाणीदार रंग ओतून मधला भाग स्पंजने उचलला की कड आपोआप राहते. शेवाळ पाइपाच्या मागे आणि सावलीच्या कोपऱ्यांत स्पंजने थोपटून द्यावे, एकाच हिरव्यात नव्हे तर हिरवा, काळा आणि किंचित पिवळा अशा तिन्हींत.

गंज आणि काजळी. गंज गजाच्या टोकाशी किंवा खिळ्याशी ठळक सुरू होतो आणि खाली विरत जातो. एका खिडकीखाली दोन किंवा तीन ओघळ पुरेत. देव्हाऱ्यामागे समईची काजळी असते. ती ज्योतीच्या उंचीच्या थोडी वर सुरू होऊन वर जाताना रुंद आणि फिकट होते. कोरड्या ब्रशावर अगदी थोडा काळा घेऊन ती खालून वर घासावी. पाण्याचे सर्व डाग खाली उतरतात आणि काजळी तेवढी वर चढते. नवखे हात अनेकदा तीही वरून खाली ओढतात.

हात. दिव्याच्या बटणाभोवती, दाराच्या कडेला साडेतीन ते साडेचार फुटांवर, आणि गॅलरीच्या कठड्यावर हाताचा मळ असतो. चाळीच्या खोलीत आणखी एक खूण असते आणि ती जवळपास कोणीच रंगवत नाही: जमिनीवर भिंतीला टेकून रोज बसणाऱ्या माणसाच्या डोक्याचा खोबरेल तेलाचा डाग. तो जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर, गोलसर आणि कडा विरलेला असतो. पातळ तपकिरी वॉश स्पंजने गोल थोपटून तो करावा. आजोबांची बसायची जागा संहितेत ठरलेली असेल, तर हा एक डाग दहा फराट्यांपेक्षा जास्त सांगतो.

झीज. झिजलेल्या जुन्या ब्रशावर फिकट रंग घ्यावा, तो वर्तमानपत्रावर जवळजवळ पुसून टाकावा आणि उंचवट्यांवरून, दारांच्या व कठड्याच्या कडांवरून हलकेच फिरवावा. शेवटी, हवे असल्यास, जमिनीलगत मातकट रंगाचे बारीक शिंतोडे ब्रश हातावर आपटून उडवावेत. शिंतोडे नेपथ्याच्या वरच्या अर्ध्या भागात जाऊ देऊ नयेत.

इशारा: मास्किंग टेप रंग पूर्ण घट्ट होण्याआधी, तिरपी आणि सावकाश ओढून काढावी. आठवडाभर राहिली तर ती खालचा रंगही उचलते.

## टप्पा ६: लांबून आणि प्रकाशात तपासणी

प्रत्येक थरानंतर चाळीस-पन्नास फूट मागे जाऊन पाहावे. तेवढी जागा नसेल तर दुर्बिणीच्या उलट्या बाजूने पाहावे, किंवा मोबाइलवर फोटो काढून तो लहान करून पाहावा. तोच फोटो कृष्णधवल करून पाहिला तर कोणते डाग नको तेवढे उठून दिसतात ते चटकन कळते. बोटभर रुंदीचा तपशील शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. तो दोन-तीन बोटे रुंद करावा किंवा सोडून द्यावा.

पदांच्या जागी एखाद्याला प्रत्यक्ष कपड्यांत उभे करावे. चेहऱ्यामागे काही टोचत असेल, तर त्यावर मूळ रंगाचा पातळ वॉश देऊन तो डाग मागे ढकलावा. पुसण्याचा प्रयत्न करू नये.

## टप्पा ७: रंग पक्का करणे, जमीन आणि वाहतूक

पांढरे ओले कापड भिंतीवर जोराने घासावे. रंग निघाला तर तो पहिल्याच प्रयोगात पांढऱ्या धोतरावर किंवा नऊवारीवर उतरणार आहे. अशा जागांवर पाण्याने पातळ केलेल्या मॅट क्लिअरचा (न चकाकणाऱ्या पारदर्शक लेपाचा) एक हात द्यावा. नाचाचे किंवा अनवाणी वावराचे प्रवेश असतील, तर प्लॅटफॉर्मवर चकचकीत रंग नसावा आणि रंगात चाळलेली बारीक वाळू थोडी मिसळावी. वाळल्यावर स्वतः अनवाणी चालून, गिरकी घेऊन पाहावे.

दादर-माटुंग्यापासून पार्ले-बोरिवलीपर्यंतच्या नाट्यगृहांत आधीचा प्रयोग संपल्यावर सेट लावायला थोडाच वेळ मिळतो. फ्लॅट रंगाची बाजू रंगाच्या बाजूला लागेल अशा जोड्यांत, मध्ये जुनी चादर घालून टेम्पोत चढवावेत. क्रमांकाने जे शेवटी उभे राहायचे ते आधी चढवावेत. पावसाळ्यात प्लॅस्टिक टेम्पोवर ताडपत्रीसारखे न टाकता प्रत्येक जोडीला गुंडाळावे, पण नाट्यगृहात पोहोचताच काढावे, कारण आत कोंडलेली वाफ ओघळ पुन्हा ओले करते.

एका पिशवीत मूळ रंगाच्या तिन्ही छटा, धुळीचा वॉश, मॅट क्लिअर, दोन ब्रश, स्पंज आणि हेअर ड्रायर भरून ती नेपथ्य व्यवस्थापकाच्या हाती द्यावी. फ्लॅट उभे करताना कोपरे खरचटतातच. त्या ओरखड्यावर आधी मूळ रंग, तो ड्रायरने वाळवून मग धुळीचा वॉश, याच क्रमाने हात फिरवावा.